सेल्फीमागचा तेजोमेघ

सातारा जिल्ह्यातल्या एका आईंनी विचारलं आहे: "मुलगी सहावीत आहे. मामाने फोनवर 'नासा सेल्फीज' अ‍ॅप घालून दिलं. आता रोज अंतराळवीराच्या पोशाखात स्वतःचे फोटो काढते, मागे गुलाबी-हिरवे ढग. याला खगोलशास्त्राची आवड म्हणायचं की नुसता खेळ? अ‍ॅपमधली माहिती इंग्रजीत आहे, ती तिला झेपत नाही. यातून खरंच काही शिकता येईल का? आणि आता टेलिस्कोप हवा म्हणून हट्ट धरून बसली आहे, तो घ्यावा का?"

ताई, टेलिस्कोप आत्ता घेऊ नका. अ‍ॅप मात्र काढून टाकू नका. बावीस वर्षं मी शाळांच्या मुलांना आकाश दाखवते आहे, आणि ज्या मुलांची आवड टिकली त्यातली बरीचशी अशाच एखाद्या चित्रापाशी अडकलेली होती. आधी कॅलेंडरवरचं चित्र असायचं, आता फोनमधलं असतं, एवढाच फरक. खेळ आणि आवड यांच्यात भिंत नसते. तिने चित्राबद्दल प्रश्न विचारला की खेळाची आवड होते, आणि तो प्रश्न तिच्या तोंडून यावा यासाठी घरात थोडी मशागत करावी लागते.

आधी ते अ‍ॅप काय आहे ते सांगते. ऑगस्ट २०१८ मध्ये ते आलं, स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीला आकाशात जाऊन १५ वर्षं झाली म्हणून. आपला फोटो काढायचा, तो पोशाखाच्या काचेआड बसतो, मग मागचं दृश्य निवडायचं. सुरुवातीला अशी ३० दृश्यं होती आणि सगळी स्पिट्झरने टिपलेली: मृगातला तेजोमेघ (तेजोमेघ म्हणजे अवकाशातला वायू-धुळीचा अवाढव्य ढग), आपल्या आकाशगंगेचं केंद्र वगैरे. प्रत्येक दृश्याबरोबर त्यामागचं विज्ञान थोडक्यात दिलेलं आहे. बहुतेक मुलं ते वाचत नाहीत, तुमची मुलगी एकटी नाही.

म्हणून मी मुलांना एक नेम लावून देते. एका आठवड्यात एकच दृश्य. फोटो पंचवीस काढा, हरकत नाही, पण मागे तेच राहू द्या. आणि त्या दृश्याला तीन गोष्टी विचारायच्या: हे आपल्या आकाशात कुठे आहे, किती लांब आहे, आणि कुठल्या प्रकाशात पाहिलं आहे. पहिल्या दोनांची उत्तरं सहज सापडतात. तिसऱ्यापाशी सगळी गंमत आहे आणि ते कुणी विचारत नाही, म्हणून तिथे जरा थांबते.

स्पिट्झर आपल्या डोळ्यांना दिसतो तो प्रकाश पाहतच नव्हती. ती अवरक्त प्रकाश पाहायची, म्हणजे ढोबळ मानाने उष्णतेचा प्रकाश. आता हे सहावीतल्या मुलीला कसं पटवायचं? टीव्हीचा रिमोट आणा. खोलीत अंधार करा. फोनचा सेल्फी कॅमेरा सुरू करून रिमोटचं पुढचं टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबून ठेवा. डोळ्यांना काहीही दिसत नाही. फोनच्या पडद्यावर मात्र त्या टोकाशी एक जांभळट पांढरा ठिपका लुकलुकायला लागतो. मागच्या मोठ्या कॅमेऱ्यावर बऱ्याच फोनमध्ये अवरक्त अडवणारा फिल्टर जास्त कडक असतो, म्हणून तिथे तो कधी दिसतो, कधी नाही. सेल्फी कॅमेऱ्यात बहुधा दिसतोच. मागे एका शाळेत हा प्रयोग करताना पहिल्या बाकावरच्या एका मुलीने रिमोट हातात घेतला, बटण दाबलं, पडद्याकडे पाहिलं, परत रिमोटकडे पाहिलं, असं तीन-चारदा केलं. मग म्हणाली, "बाई, म्हणजे हा आत्तापर्यंत रोजच लागत होता?" यापेक्षा चांगला प्रश्न मला वर्गात क्वचित मिळाला आहे.

तुमची मुलगी ज्या कॅमेऱ्याने सेल्फी काढते, तोच कॅमेरा तिच्या डोळ्यांपलीकडचा प्रकाश थोडासा पाहू शकतो. प्रकाशाच्या लहरीची लांबी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. रिमोटचा प्रकाश साधारण ०.९४ मायक्रॉनचा असतो. स्पिट्झर ३.६ ते १६० मायक्रॉनपर्यंतचा पाहायची, म्हणजे त्याच वाटेवर बरीच पुढे. एवढं कळलं की मागचे रंग कुठून आले हे सांगता येतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाला रंग कसला? तो आपण द्यायचा. शास्त्रज्ञ सर्वांत आखूड लहरींना निळा देतात, लांब लहरींना तांबडा, मधल्यांना हिरवा-नारिंगी. गायकाला वरची पट्टी झेपेना म्हणून पेटीवाला खालच्या पट्टीत वाजवतो; गाणं तेच राहतं, सुरांमधली अंतरं तीच राहतात, फक्त सगळं आपल्या गळ्याच्या आवाक्यात येतं. इथे सगळं आपल्या डोळ्यांच्या आवाक्यात आणलं आहे. त्यामुळे "रंग खोटे आहेत" असं मुलीला सांगू नका. रंग उतरवून घेतलेले आहेत आणि प्रत्येकाला अर्थ आहे. स्पिट्झरच्या बहुतेक चित्रांत निळे ठिपके म्हणजे तारे आणि तांबडी-नारिंगी धग म्हणजे धूळ. त्या धुळीत एक प्रकारचे कार्बनचे रेणू असतात. तसलेच रेणू आपल्याकडे गाड्यांच्या धुरात आणि निखाऱ्यावर करपलेल्या पदार्थात सापडतात. पोरांना हे फार आवडतं.

मग अवरक्तच कशाला? कारण धूळ. आपल्या आकाशगंगेचं केंद्र सुमारे २६,००० प्रकाशवर्षं (प्रकाश एका वर्षात जेवढं अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष) लांब आहे आणि वाटेत इतकी धूळ आहे की तिथला साधा प्रकाश आपल्यापर्यंत जवळपास पोहोचतच नाही. अवरक्त त्यातून पार होतो. उष्णता दाखवणारा कॅमेरा कुठल्या विज्ञान प्रदर्शनात दिसला तर तिला एक गोष्ट नक्की करायला सांगा: काळ्या प्लास्टिकच्या कचऱ्याच्या पिशवीत हात घालायचा आणि कॅमेऱ्यासमोर धरायचा. डोळ्यांना काळी पिशवी दिसते, कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाचही बोटं. स्पिट्झरने केंद्राचं जे प्रसिद्ध चित्र टिपलं ते असंच पिशवीतल्या बोटांचं चित्र आहे, फक्त त्याची रुंदी ८९० प्रकाशवर्षं आहे.

उष्णतेचा प्रकाश पाहायचा तर दुर्बीण स्वतः गार हवी, नाहीतर तिला स्वतःचीच धग दिसणार. स्पिट्झरचा आरसा फक्त ८५ सेंटिमीटरचा होता, स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या उंचीएवढा. पण द्रवरूप हेलियमने तिला उणे २६७ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवलं होतं. पृथ्वीची ऊब नको म्हणून ती पृथ्वीभोवती न फिरता पृथ्वीच्या मागोमाग सूर्याभोवती फिरत होती. मे २००९ मध्ये हेलियम संपला. तरीही दोन छोट्या लहरींवर तिचं काम आणखी जवळपास ११ वर्षं चाललं, आणि त्याच काळात ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवतीचे सात ग्रह ओळखण्यात तिचा मोठा वाटा होता. ३० जानेवारी २०२० ला ती बंद केली. तुमची मुलगी तेव्हा अगदी लहान असेल. ज्या दुर्बिणीने तिच्या मागचं चित्र काढलं ती आता थंडगार, मुकी, सूर्याभोवती फिरते आहे. हे मी मुलांना मुद्दाम सांगते, आणि दर वेळी वर्ग काही क्षण गप्प होतो.

आता तुम्ही विचाराल, अंतराळवीर खरंच त्या तेजोमेघासमोर उभा राहिला तर त्याला असं दिसेल का? नाही दिसणार, आणि हे तिला नक्की सांगा. जवळ गेल्यावर मेघ मोठा दिसेल, पण उजळ दिसणार नाही. त्याच्या एका तुकड्याची चमक आपल्या डोळ्यांना लांबून जेवढी, जवळून तेवढीच. फक्त तो अधिक आकाश व्यापेल. आत शिरलं तर चहूकडे फिकट राखाडी उजेड असेल, पहाटेच्या धुक्यासारखा. चित्रात तो झगमगतो, कारण कॅमेऱ्याने प्रकाश बराच वेळ साठवला. डोळ्याला तो साठवता येत नाही.

दुसरं, पोशाखाबद्दल. अ‍ॅपमध्ये काचेआड तिचा चेहरा छान दिसतो. खऱ्या अवकाशचालीच्या बऱ्याच फोटोंमध्ये मात्र चेहरा दिसत नाही, सोनेरी आरसा दिसतो. उन्हापासून बचावासाठी वरून ओढायच्या त्या काचेवर सोन्याचा अतिशय पातळ थर असतो आणि सोनं अवरक्त प्रकाश फार छान परतवतं. म्हणजे जो प्रकाश पाहायला स्पिट्झर पाठवली, तोच चेहऱ्यापर्यंत येऊ नये म्हणून हे सोनं. चंद्रावरचा आल्ड्रिनचा प्रसिद्ध फोटो तिला दाखवा: काचेत फोटो काढणारा आर्मस्ट्राँग दिसतो. २०१२ मध्ये जपानचे अकिहिको होशिदे यांनी अवकाशस्थानकाबाहेर स्वतःचा फोटो घेतला, त्यातही चेहरा नाही. काचेत पृथ्वी आहे, मागे सूर्य. आणि सगळ्यांच्या आधी, नोव्हेंबर १९६६ मध्ये, जेमिनी-१२ या यानाच्या उघड्या झडपेत उभं राहून ताऱ्यांचे अतिनील फोटो घेण्याचं काम चालू असताना आल्ड्रिन यांनी कॅमेरा स्वतःकडे वळवला होता. अवकाशातली ती पहिली सेल्फी मानतात. तुमची मुलगी करते आहे त्याला साठ वर्षांची परंपरा आहे.

आता आकाशाकडे येते. यात माझं एकदा चुकलं होतं. सुरुवातीच्या काळात एका गावात मी मुलांना आधी तासभर पडद्यावर रंगीत तेजोमेघ दाखवले आणि मग मैदानात नेऊन टेलिस्कोपला डोळा लावायला सांगितला. पहिला मुलगा बाजूला झाला आणि म्हणाला, "एवढंच?" मागच्या पाचजणांनी तोच शब्द उच्चारला. त्यांना राखाडी डाग दिसला होता आणि मनात गुलाबी ढग होता. त्या मुलांची काही चूक नव्हती. मी क्रम उलटा लावला होता. तेव्हापासून मी आधी नुसत्या डोळ्यांनी दाखवते, मग बायनॉक्युलरने, आणि चित्र सर्वांत शेवटी. जो डाग स्वतः शोधून काढला, त्याचं चित्र पाहताना पोरं अक्षरशः ओरडतात. म्हणून टेलिस्कोप नको म्हणाले. स्वस्तातल्या टेलिस्कोपचा स्टँड हलतो, वस्तू सापडत नाही, आणि आठ दिवसांत तो माळ्यावर जातो. त्याऐवजी ७×५० किंवा १०×५० ची साधी बायनॉक्युलर घ्या. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसणार, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. लहान हातांना ७×५० बरी, प्रतिमा कमी थरथरते.

सुरुवात मृगापासून करा. डिसेंबरच्या मध्यात साडेसात-आठला पूर्वेकडे तोंड करून उभं राहा. आपल्या गोष्टीत व्याधाने मारलेला बाण हरणाच्या पोटात रुतला आहे. ते बाणाचे तीन तारे उगवताना जवळपास उभ्या रेघेत दिसतात. ती रेघ खाली क्षितिजाकडे वाढवली की थोड्या वेळाने व्याध वर येतो, सगळ्या आकाशात ठळक. बाणाच्या डावीकडे काक्षी हा तांबूस तारा, उजवीकडे राजन्य हा निळसर पांढरा. त्या दोघांचे रंग आधी तिला स्वतः ओळखू द्या, तुम्ही सांगू नका. मग बाणाच्या उजव्या अंगाला तीन पुसट ठिपक्यांची छोटी ओळ शोधा. मधला ठिपका नीट पाहिला तर ताऱ्यासारखा टोकदार नाही, विस्कटलेला आहे. बायनॉक्युलरमध्ये तिथे राखेची चिमूट उधळल्यासारखं दिसतं. तोच अ‍ॅपमधला मृगाचा तेजोमेघ. अंतर सुमारे १,३०० प्रकाशवर्षं. हा प्रकाश तिथून निघाला तेव्हा वेरूळचं कैलास लेणं अजून कोरलं गेलं नव्हतं. तिथे तारे जन्माला येत आहेत, आत्ताही.

आकाशगंगेचं केंद्र अवघड आहे, कारण नेमका आपला पावसाळा आड येतो. मे महिन्यात मध्यरात्रीनंतर दक्षिणेला किंवा ऑक्टोबरात सात-साडेसातला नैऋत्येला वृश्चिकाच्या नांगीजवळ, धनूच्या हद्दीत पाहा. तुमच्या भागात गावाबाहेर गेलात तर तिथे आकाशगंगेचा पट्टा जाड झालेला दिसेल आणि मधोमध काळ्या खाचा. ते काळं म्हणजे रिकामी जागा नव्हे. ती आड आलेली धूळ. पिशवी डोळ्यांनी दिसते, बोटं स्पिट्झरच्या चित्रात.

मैदानात फोन नेताना काळजी घ्या. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पडद्याचा एक झोत ती क्षणात घालवतो. पडद्यावर लाल जिलेटिन कागद दोन घड्या करून लावा, उजेड अगदी कमी ठेवा. अ‍ॅप घरी, आकाश बाहेर, असा सरळ नियम केलात तर उत्तमच.

इंग्रजीची भीती नको. एका चित्राबरोबरचा मजकूर थोडाच असतो. तुम्ही किंवा मामाने तो वाचून तिला मराठीत सांगायचा आणि तिने एका वहीत स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहायच्या. शेजारी तो फोटो चिकटवला तरी चालेल. तेजोमेघ, अवरक्त, प्रकाशवर्ष हे शब्द वापरून रुळतात. दुसरी अंतराळ सेल्फीची अ‍ॅप्स तिने उतरवलीच, तर मागचं चित्र कुठल्या दुर्बिणीने काढलं हे त्यात सांगितलं आहे का, तेवढं तपासा. नसेल तर ते चित्र बहुधा कुणीतरी संगणकावर रंगवलेलं आहे आणि त्याला आपले तीन प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. आणि मुलीचे फोटो घरच्या फोनमध्येच राहू द्या. ती स्वतः ठरवण्याएवढी मोठी होईपर्यंत सगळ्या जगाला दाखवायची घाई नको.

जवळ कुणी सोबतीला हवं असेल तर पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासून हौशी मंडळींची. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, पुण्यातली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आणि नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही महादुर्बीण लोकांसाठी खुली असते. खोडदला जरूर न्या. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या रेडिओ लहरी टिपतात, म्हणजे न दिसणाऱ्या प्रकाशाचं आणखी एक टोक. रिमोटचा ठिपका पाहिलेली मुलगी त्या तबकडीखाली उभी राहिली की काय विचारते ते ऐका.

आणि शेवटी सेल्फी. खरी. हे डिसेंबरात मृग पूर्वेला खाली असताना किंवा एप्रिलच्या मध्यात आठच्या सुमारास तो पश्चिमेला उतरत असताना करा. जानेवारी-फेब्रुवारीत तो रात्री इतका वर चढतो की माणूस आणि मृग एका चौकटीत मावत नाहीत. चंद्र नसलेली रात्र निवडा. फोन तिपाईवर लावा, नसेल तर दोन विटांच्या फटीत घट्ट बसवा. कॅमेऱ्यात प्रो मोड असेल तर आयएसओ ८०० ते १६००, वेळ दहा-बारा सेकंद, फोकस अनंतावर, आणि दहा सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाच्या धक्क्याने फोन हलणार नाही. वेळ फार वाढवला तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताऱ्यांच्या रेघा होतात; एकदा मुद्दाम तीस सेकंद ठेवून तिला त्या दाखवाही. ती मृगाच्या बाजूला, जरा एका कडेला उभी राहील. टायमर संपला की तुम्ही तिच्या चेहऱ्यावर टॉर्चचा उजेड अर्धा सेकंद फिरवायचा आणि बंद करायचा. उरलेला वेळ तिने हलायचं नाही, हसूसुद्धा तसंच धरून ठेवायचं.

पहिले दोन-तीन फोटो हललेले येतील. मग एक नीट येईल. तो पडद्यावर मोठा करून बाणाजवळचा तो मधला ठिपका शोधा. आकाश पुरेसं काळं असेल तर त्यात एक बारीकशी गुलाबी छटा दिसेल, डोळ्यांना न दिसलेली. तिच्याच फोनने दहा सेकंदांत साठवलेली.